भारी म्हणजे भारी

सावरखडीची घरं अल्याड, शेतं पल्याड, आणि मधे पाऊण किलोमीटर धरणाचं पाणी. धरण झालं तेव्हा किसनरावांची साडेतीन एकर जमीन त्या पाण्याखाली गेली आणि पुढं तीस वर्षं त्याच जमिनीवरून त्यांनी नाव हाकली. "आमी आमच्याच वावरातून नाव चालवतो," असं ते पाहुण्यांना सांगत. हसावं की हळहळावं हे पाहुण्याला कळत नसे. किसनरावांनंतर नाव त्यांच्या पोराकडं, वैजनाथकडं आली, वल्ह्यांच्या जागी डिझेलचं इंजिन आलं, आणि या वर्षी ऐन हळदीच्या दिवसांत ते इंजिन जाम होऊन बसलं ते कायमचंच.

हळदीच्या दिवसांत नावेशिवाय गावाचं पान हलत नाही. नर्मदाबाईची बावीस बायांची टोळी रोज सकाळी दोन खेपांत पल्याड हळद काढायला जाते. इंजिन बसल्यापासून आठवडाभर बायांनीच आळीपाळीनं वल्ही मारली, कारण वैजनाथला ती मारवत नव्हती. गेल्या पावसाळ्यात तेच इंजिन उचलताना त्याच्या पाठीतला मणका सरकला होता. हिंगोलीच्या डॉक्टरनं कंबरेला पट्टा बांधून दिला आणि दहा किलोच्या वर काही उचलायचं नाही म्हणून बजावलं. वैजनाथ पट्टा सदऱ्याच्या आत बांधायचा आणि कुणी वजनाची गोष्ट काढली की पाण्याकडं बघायचा.

नर्मदाबाई सरळ बाई होती, पण तिची जीभ विळ्यासारखी. शनिवारी ती काठावर येऊन शिवकन्याला, वैजनाथच्या बायकोला, म्हणाली, "पोरी, आमी हळद काढावी का नाव वल्हवावी? सोमवारी तुमची ती बिजलीची मोटर चालली तर ठीक. न्हाई तर मंगळवारपासून उत्तमसिंगच्या पिकअपमधी बसू. बावीस किलोमीटरचा फेरा पडते, पण निदान हात तरी वाचतेत."

"चालंल मावशे. शकीलभाई बसवूनच राहिलेत."

"चालली तर चालली. पण एकदा पिकअप धरली का हंगामभर तीच."

शिवकन्याला ते सांगायची गरज नव्हती. हंगामात टोळी गेली की शाळेची पोरं जातात, दूधवाला जातो, आणि मग काठावर उलटी घातलेली नाव कोंबड्यांना सावलीपुरती उरते. वरच्या गावात असं झालेलं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिथला नावाडी आता पुण्यात कुठल्या इमारतीच्या दाराशी खुर्ची टाकून बसतो.

शकील मिस्त्री औंढ्याचा. नागनाथाच्या यात्रेकरूंना नेणाऱ्या ई-रिक्षा दुरुस्त करता करता त्यानं एका ई-रिक्षाची मोटर या नावेला बसवून दाखवायचं मनावर घेतलं होतं. शनिवारी दुपारी नावेत उकिडवा बसून त्यानं शेवटचा नट आवळला आणि हात फडक्याला पुसले.

"आता फकत बॅटरीचा सवाल हाय, वैजनाथभाऊ. दोन रस्ते हायेत. एक, ती जुनी शिशाची, घरी इन्व्हर्टरला असते ती. तशा चार लागतील, एकेक छत्तीस किलोची. सस्ती हाय, कुठंबी भेटते. दुसरी लिथियम. एकच पेटी, अठ्ठावीस किलो. काम तेवढंच करते, चार्जिंग लवकर घेते आन् दुपटी-तिपटीनं जास्त वर्षं चालते. महाग हाय, बस."

किसनराव बाभळीच्या सावलीत बसले होते. तिथूनच ते म्हणाले, "नाव पोटात जड पाहिजे. इंजिन काढलं तशी बघा, कोंबडीवाणी उड्या मारून राहिली. वाऱ्यात उलथंल."

"आन् ती लिथियम फोनावाणी पेटते म्हणतेत," वैजनाथ म्हणाला.

"ही पेटायच्या जातीची न्हाई. पण एक खोट तिच्यात हाय, ते मी लपवत न्हाई. शिशाची थकत आली का मोटर मंदावते, बैलावाणी कळतं. लिथियम शेवटपर्यंत एकसारखी पळते आन् संपली का खटकन बंद. तिला मीटर बसवतो मी. त्याचा आकडा बघत राहावं लागते."

शिवकन्या गुडघाभर पाण्यात उभी राहून नावेचा तळ खरवडत होती. तिच्या डोक्यात दुसराच हिशेब चालला होता. काठावर वीज नाही. रात्री नावेत काही ठेवायची सोय नाही, गेल्या उन्हाळ्यात इथूनच तीन पंपांची केबल चोरांनी कापून नेली. म्हणजे बॅटरी रोज संध्याकाळी वर घरी न्यायची आणि सकाळी खाली आणायची. मधे मुरमाची दोनशे पावलांची चढण, पाय ठेवला की निसटणारी. चार बॅटऱ्या म्हणजे चार वेळा वर आणि चार वेळा खाली, आणि नेणार कोण? तिनं नवऱ्याकडं पाहिलं. सदऱ्याखालचा पट्टा घामानं उमटून दिसत होता.

"मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, "नाव जडच पाहिजे तर पोटात दगडं टाकू की. दगडाला चार्जिंग लागत न्हाई, आन् रात्री कुणी चोरीत न्हाई."

शकील खो खो हसला. किसनरावांनी हनुवटी खाजवली, म्हणजे त्यांना पटलं होतं. वैजनाथ मात्र हसला नाही.

घरी आल्यावर तो बोलायला लागला. "चारचौघांत मला अक्कल शिकवतीस?"

"तुमाला कुठं? मामाला म्हणलं मी."

"शिशाच्याच आणू. दिवस निघतील त्याच्यावर."

"काहून पण? म्हैस इकली ती कशापायी? लिथियमला पुरंल एवढं जमलंय. पैशाची अडचण न्हाई आपल्याला."

"पैशाचं न्हाई."

"मंग? अवो, त्या छत्तीस किलोच्या चार. तुमची पाठ..."

"पाठीचं नाव काढू नको!"

तिनं विळी पुढं ओढली. सपासप कांदा चिरला. मग राहवेना म्हणून म्हणाली, "हलकी पेटी असली तर कुणीबी उचलंल. माझ्या डोक्यावर हळदीचं पोतं बसते, पेटी न्हाई बसणार?"

"तेच तर. कुणीबी उचलंल," वैजनाथ म्हणाला आणि बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडला.

रविवारी सकाळी ती त्याचा पट्टा आवळून देत होती. पाठीमागची चिकटपट्टी त्याच्या हाताला येत नसे, ते काम तिचं. रोज ती बोलत बोलत आवळायची, आज मुकाट्यानं आवळला. त्यालाच ते सहन झालं नाही.

"बरं बाई. आण तुझी लिथियम."

"खरं?"

"आता काय कागदावर लिहून देऊ?"

तिला इतका आनंद झाला की तिनं पट्टा जरा जास्तच आवळला आणि तो ओरडला.

शकील बॅटरी आणायला हिंगोलीला गेला होता आणि तिथून फोन करणार होता. सावरखडीत फोनला रेंज म्हणजे पाण्याच्या टाकीचा जिना, तोही सातव्या पायरीच्या वर. वैजनाथ पट्ट्यासकट जिना चढला. शिवकन्या खाली नळाला घागरी लावून बसली आणि तिचे कान वरच होते.

"हां शकीलभाई. हां, ठरलं... भारीवाली आणा. हलकी नको आपल्याला." मग थोडा वेळ तो नुसता ऐकत राहिला. आणि मग हसून म्हणाला, "भारी म्हंजे भारी. समजा की तुमी."

शिवकन्याची घागर भरून वाहत होती. भारीवाली आणा! माणूस तोंडानं कडू, पण मनानं तसा नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिनं नळ बंद केला. हलका माल तिच्या माहेरीही कधी कुणी घेतला नव्हता.

संध्याकाळी पाच वाजता शकीलचा छोटा हत्ती टेम्पो दारात थांबला. शिवकन्या तांब्या घेऊन बाहेर आली आणि तांब्या तिच्या हातातच राहिला. गाडीत चार काळ्या बॅटऱ्या शेजारी शेजारी बसल्या होत्या, वर लाल-निळी बुचं.

"ह्या कोनाच्या?" तिनं विचारलं.

"तुमच्याच, वैनी." शकीलनं तिच्याकडं पाहिलं, मग वैजनाथकडं. "भारीवाली म्हणले ना भाऊ."

"अवो, भारी म्हंजे चांगली! महागाची! लिथियम!"

शकील गाडीची फळी उघडू लागला. गाडीभोवती माणसं जमायला वेळ लागत नाही. शेजारचा वसराम आला, किसनराव आले, दोन-चार बाया आल्या. आणि वैजनाथनं एकदम आवाज चढवला.

"काय शकीलभाई! इतके वर्षं मराठी बोलून राहिले आन् भारी माल कळत न्हाई तुमाला? भारी कापड, भारी म्हैस, तशी भारी बॅटरी! म्हणून का कुणी वजनानं भारी समजते? आता उद्याला टोळी न्यायची, आन् हे घेऊन आले धोंडे!"

वसराम हसला. बायांतून कुणीतरी म्हणालं, "मिस्त्रीला भारी म्हंजे जडच वाटलं व्हय!" आणि सगळेच हसले. शकीलच्या कानशिलांवर लाली चढली. तो चांगला पन्नाशीचा माणूस, औंढ्यात त्याला उस्ताद म्हणत. त्यानं टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली.

"माझीच समज कमी पडली," तो म्हणाला. "वापरल्या न्हाईत तर दुकानदार परवा बदलून देईल. वापरल्या तर न्हाई घेणार."

"परवा? आन् उद्या काय करू? पिकअपला हात करू?" वैजनाथ म्हणाला. "लावा आता ह्याच."

शिवकन्या नवऱ्याकडं बघत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. रागावलेला माणूस ज्याच्यावर रागावतो त्याच्याकडं बघतो, हा सारखा तिच्याकडं बघत होता. तिला शंका चाटून गेली, पण तिनं ती तिथंच दाबली. स्वतःच्या नवऱ्याबद्दल असं काही मनात येऊ देणं म्हणजे आपल्याच हातानं घराचं दार काढण्यासारखं होतं.

सोमवारी पहाटे तिनं आणि शकीलनं मिळून बॅटऱ्या खाली नेल्या. रात्री तो वसरामकडं थांबला होता, जेवला मात्र नव्हता. दोन बाजूंनी दोरीची हँडलं धरून, तिरकं चालत, मुरमात टाचा रोवत, चार खेपा. तिसऱ्या खेपेला शिवकन्याच्या बोटांची कातडी सोलली. शकील एवढंच म्हणाला, "आडवी करू नका वैनी, तेजाब सांडते." वायरी जोडून तो निघून गेला, चहाला थांबला नाही.

आणि नाव चालली. कौतुक करायलाच पाहिजे. वैजनाथनं स्कूटरच्या रेससारखा मुठीतला कान पिळला आणि नाव मुकाट पुढं सरकली, धूर नाही, धडधड नाही. बाया आधी घाबरल्या, मग एकमेकींचं बोलणं ऐकू येतंय म्हणून हरखल्या. "बाई, इतके दिवस आपल्या कागाळ्या इंजिन खात व्हतं," नर्मदाबाई म्हणाली. बुडू नये म्हणून दिलेली केशरी जाकिटं अंगात घालायची सोडून त्यांनी बुडाखाली घेतली होती, नेहमीप्रमाणं. शिशाच्या वजनानं नाव पाण्यात घट्ट बसली होती आणि किसनराव काठावरून मान डोलवत होते. वैजनाथ ताठ बसला होता, मुठीवर हात, सहा महिन्यांत प्रथमच तो नावाड्यासारखा दिसत होता. शिवकन्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रागही आला.

संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला. दुसऱ्या खेपेला नाव अर्ध्यात आली आणि मोटर मंदावली. आवाज नसल्यानं ते कानाला नाही, पाण्याला कळलं. नावेच्या नाकावरची फेसाची रेघ बारीक झाली. वैजनाथनं कान पूर्ण पिळला तरी ती वाढेना.

"वल्ही काढा," तो म्हणाला.

"आलं का पुन्हा आमच्याच हातावर?" नर्मदाबाई म्हणाली, पण वल्हं तिनंच पहिलं उचललं. वारा समोरून, लाटा नावेच्या कडेवरून आत, बायांच्या मांडीवरचे डबे भिजले. काठाला लागेपर्यंत दिवस मावळतीला आला होता.

काठावर उतरल्यावर प्रश्न उभा राहिला तो बॅटऱ्यांचा. शिवकन्यानं एक डोक्यावर घेतली. छत्तीस किलो, खाली चुंबळ, मान ताठ. दोन तरण्या बायांनी दुसरी मधे धरली. "मी येऊन बाकीच्या नेते," शिवकन्या नवऱ्याला म्हणाली, "तुमी हात लावू नका."

चारचौघींसमोर म्हणाली. तिथं ती चुकली. नंतर तिनं स्वतःला पुष्कळ दोष दिला.

ती चढणीच्या वर पोचली तेव्हा खालून आवाज आला. माणसाचा नव्हता वाटला, जनावरासारखा होता. तिनं डोक्यावरची बॅटरी कशी उतरवली ते तिला आठवत नाही. ती निसटत, बसत, घसरत खाली आली. चढणीच्या मध्यावर वैजनाथ कुशीवर पडला होता, पाय अवघडून, तोंडात मुरूम. बॅटरी शेजारी आडवी झाली होती आणि बुचांतून तेजाब त्याच्या विजारीवर वाहत होतं.

"पाणी! पाणी आणा!" ती ओरडली.

पाण्याला काय तोटा! नर्मदाबाईच्या टोळीनं हळदीच्या टोपल्या, डबे, मिळेल ते भरून आणलं आणि त्याच्या पायांवर ओतलं. विजार फाडून काढली. टोळीतल्या बायांसमोर गावचा नावाडी चड्डीवर, भिजलेला, पट्टा उघडा पडलेला. त्याला हलता येत नव्हतं म्हणून तोंडही लपवता आलं नाही. त्यानं नुसते डोळे मिटले.

"लुगडं सोडा कुणीतरी," नर्मदाबाई म्हणाली. एका म्हातारीनं अंगावरचं पांघरलेलं जुनं लुगडं काढून दिलं. त्याची झोळी केली, सहा जणींनी तो उचलला. "आधी माणूस. बॅटऱ्या मागून."

त्याला घरात बाजेवर पालथा निजवून बाया निघाल्या. नर्मदाबाई शेवटी थांबली.

"उद्याचं काय, शिवकन्या? नाव कोण नेणार?"

"मी नेते."

"मोटर फिरवलीस का कधी?"

"न्हाई."

"मंग?"

"उद्या फिरवीन."

नर्मदाबाईनं तिला खालून वर पाहिलं. "सहाला येतो आमी काठावर. पिकअप साडेसहाला निघते. तेवढाच दम हाय माझ्यात, पोरी."

शिवकन्या घरात आली. मोटरला चार बॅटऱ्या लागतात, आणि एकीचं तेजाब चढणीवर सांडलं होतं. तीन बॅटऱ्यांनी नाव चालत नाही हे तिलाही कळत होतं. तिनं तेल कोमट केलं आणि वैजनाथच्या पायांवरचे लाल चट्टे बघत बसली. फोड आले नव्हते. पाणी वेळेवर पडलं होतं.

"शिवकन्ये," तो उशीत तोंड घालून म्हणाला. "शकीलनं इचारलं व्हतं."

"काय इचारलं?"

"जिन्यावर. म्हणला, भाऊ, वजनानं भारी का मालानं भारी?"

तिनं तेलाची वाटी खाली ठेवली.

"मी म्हणलं, भारी म्हंजे भारी, समजा तुमी. मला माहीत व्हतं तो काय समजंल."

"आन् काल त्याला सगळ्यांसमोर..."

"व्हय."

"त्यानं तोंड उघडलं न्हाई."

"न्हाई उघडलं."

तिला त्याच्या पाठीत एक रट्टा द्यावासा वाटला, आणि नेमकी पाठच तशी होती. ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली. "काहून पण? मी काय वाईट केलं तुमचं?"

त्यानं उशी हनुवटीखाली ओढली. मग म्हणाला, "हलकी आली असती तर तू उचलली असतीस. कान पिळून मोटर तूच चालवली असतीस. मंग मी कशाला? पट्टा बांधून बाजेवर बसाया? जड असली तर मला वाटलं... आज ना उद्या पाठ सुधरंल. मी उचलीन. माझं काहीतरी राहील."

शिवकन्या रडली. रडता रडताच तिनं त्याचे पाय चेपले, कारण ते दुखत होते. मग डोळे पुसून म्हणाली, "शकीलभाईला फोन लावते. तुमी बोला."

"उद्या बोलतो."

"उद्या सहाला टोळी काठावर हाय. आत्ताच बोला."

"रेंज..."

रेंज टाकीच्या जिन्यावर होती आणि त्याला मान वळवता येत नव्हती. किसनराव आतापर्यंत ओट्यावर काहीच ऐकलं नाही अशा चेहऱ्यानं बसले होते. ते उठले, वसरामला हाक मारली, आणि दोघांनी वैजनाथला बाजेसकट उचलून टाकीखाली नेलं. शिवकन्या आठव्या पायरीवर चढली, फोन लावला, आवाज मोठा केला आणि हात खाली लोंबकळत सोडला. गाव जेवायला बसलं होतं तरी तीन दारांतून माणसं बघत होती. होऊ दे, ती म्हणाली मनात. काल बघितलं तसं आज बघू दे.

"शकीलभाई," वैजनाथ खालून ओरडला. "मी वैजनाथ. तुमची समज कमी न्हाई पडली. तुमी बराबर इचारलं व्हतं. मी खोटं बोललो. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून आता सगळ्यांसमोर सांगून राहिलो."

कुत्रं भुंकलं. मग शकीलचा आवाज आला. "पाठ कशी हाय? वसरामनं सांगितलं मला."

"गेली पुन्हा."

"हां." शकील म्हणाला, "दुकानात एक पेटी हाय. लिथियम. एका रिक्षावाल्याची, गुरुवारी लावायची व्हती. त्याला समजावतो. पहाटे घेऊन येतो. त्या तुमच्या मी इन्व्हर्टरवाल्यांना देतो. त्या एका जागी बसून असतेत, त्यांना कुणी उचलत न्हाई. सांडली तिच्यात तेजाब भरून बघतो." मग त्यानं विचारलं, "पण भाऊ, चालवणार कोण?"

शिवकन्याचा हात जिन्याच्या कठड्यावर घट्ट झाला. हे तिनं सांगायचं नव्हतं.

वैजनाथनं बाजेच्या सुंभात नखं रुतवली. "शिवकन्या चालवंल," तो म्हणाला.

"मंग मी पाचलाच येतो. शिकवाया येळ लागंल."

तो साडेचारलाच आला. शिवकन्यानं पेटी डोक्यावर घेतली आणि एका दमात खाली नेली. किसनरावांनी अंधारातच नावेच्या पोटात काळे दगड रचून ठेवले होते, दोन्ही बाजूंना तोलून, एकही हलणार नाही असे. शकीलनं मीटर दाखवला. "शंभरावरून निघायचं, तिसावर आला का काठ गाठायचा. त्याच्या खाली गेलात तर माझं नाव सांगू नका." दोन वेळा तिनं नाव काठावर आपटली, एकदा उलटीच फिरवली. सहा वाजता नर्मदाबाई आली, बाया आल्या, आणि त्या नावेत बसायच्या आधी मिनिटभर उभ्याच राहिल्या. मग नर्मदाबाईनं चप्पल हातात घेतली आणि चढली. जाकीट तिनं आज अंगात घातलं. शिवकन्याला ते लागलं, पण खरंही वाटलं.

नाव निघाली. वारा नव्हता. मधल्या पाण्यात डावीकडं बुडालेल्या बाभळीचं खोड आहे, वरून दिसत नाही, दोन बोटं पाण्याखाली. ते शिवकन्याला वल्ही मारायच्या दिवसांपासून ठाऊक होतं. तिनं मूठ जराशी वळवली आणि खोड बाजूनं गेलं, पाण्याखाली काळी सावली सरकल्यासारखी दिसली. नर्मदाबाईनंही ती पाहिली आणि डबा मांडीवर नीट केला.

तेवढ्यात शिवकन्याच्या कमरेचा फोन वाजला. मधल्या पाण्यात रेंज कशी काय येते हे धरणालाच माहीत. तिनं एका हातानं कानाला लावला.

"निघालीस का न्हाई अजून?" वैजनाथ. बाज पुन्हा टाकीखाली नेली असणार, आणि फोन कुणीतरी जिन्यावर धरला असणार. "इतका येळ झाला. आवाजच येऊन न्हाई राहिला."

"आता येत न्हाई आवाज. अर्ध्यात आलो."

मग त्यानं घाईनं सांगितलं, "डाव्या अंगाला बघ. बाभळीचं खोड हाय तिथं, पाण्याखाली. दिसत न्हाई. जपून घे, उजवीकडून काढ."

शिवकन्यानं मागं वळून पाहिलं. खोड कधीच मागं पडलं होतं, तिथलं पाणीही पुन्हा सरळ झालं होतं. नर्मदाबाई तिच्याकडं बघत होती.

"व्हय," शिवकन्या म्हणाली. "बरं झालं सांगितलं. मला माहीतच नव्हतं."